खाली ठेवता येणारं काम

आमच्या लोखंडी पेटीच्या तळाशी एक दुपटं आहे. अडीच हात लांब, दोन हात रुंद. वरचा थर आईच्या इरकलीचा, खालचा सासऱ्यांच्या धोतराचा आणि मधे दोन जुनेरं. थोरली पोटात असताना मी ते शिवायला घेतलं आणि ती चार महिन्यांची झाली तेव्हा संपवलं. परवा दिवाळीची आवराआवर करताना पेटी रिकामी केली, तेव्हा दुपटं उन्हात टाकलं आणि उलट्या बाजूनं बघत बसले.

गोधडीची उलटी बाजू वाचता येते. सुईत दोरा ओवायचा तो साधारण दोन हातांचा. त्याहून लांब घेतला तर गुंता होतो. दोरा संपला की गाठ. म्हणजे निवांत बसलेल्या बाईच्या गाठी ठरावीक अंतरावर पडतात. माझ्या दुपट्याला कडेनं सुरुवात आहे, तिथं गाठी अशाच सरळ, शिस्तीत पडल्यात. सातव्या-आठव्या ओळीनंतर मात्र त्या चार-चार बोटांवर यायला लागतात. दोरा संपलेला नाही, मी उठले आहे. डाव्या कोपऱ्यात तर गाठींची नुसती खिचडी. ते थोरलीच्या काविळीचे दिवस. आणि मधेच एक सबंध ओळ वेगळ्याच हातची आहे, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. मी दवाखान्यात होते त्या दोन दिवसांत सासूबाईंनी ती घातली. मला सांगितलंही नाही. अकरा वर्षांनी मी ती गोधड्यांच्या एका प्रदर्शनासाठी फोटो काढताना पाहिली, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘‘रिकामी पडली व्हती सुई.’’

सासूबाई घाटाखालच्या, नांदुऱ्याकडच्या. मी घाटावरची, चिखलीची. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे हे दोन भाग बाहेरच्या माणसाला नकाशात दिसत नाहीत, पण अजिंठ्याच्या डोंगराची एक धार जिल्ह्याला मधून कापत जाते आणि राजूर घाट उतरला की बोली बदलते, ऊन बदलतं, शेतातली माती बदलते. खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, कापसाची. वर मुरमाड आणि मध्यम. बुलढाणा शहराचं नाव भिल्लांच्या ठाण्यावरून पडलं असं सांगतात. जिल्ह्याचं ठिकाण असून बुलढाण्याला रेल्वे नाही. रेल्वेनं पार्सल पाठवायचं तर घाट उतरून मलकापूर गाठायचं. हे सगळं सांगायचं कारण, माझा धंदा याच घाटावरून रोज वर-खाली होतो.

मी पुण्यात वस्त्र-डिझाइन शिकले, लग्नानंतर इथं आले आणि गेली तेरा वर्षं गोधडीच्या तंत्रावर रजया, दुपटी, पिशव्या, भिंतीवरची कापडं करते. म्हणजे खरं तर मी करत नाही. मी रंग जुळवते, तुकड्यांची मांडणी ठरवते, कोऱ्या कापडाच्या धुलाईपासून पार्सलच्या लेबलापर्यंत सगळं बघते. टाके घालतात घाटावरच्या तीन गावांतल्या चौदा जणी. त्यांच्याबद्दल लिहायला घेतलं की मला माझ्याबद्दल लिहावं लागतं आणि ते तितकं सोयीचं नाही.

दर ८ मार्चला कुठल्या ना कुठल्या सभागृहात मला शाल, श्रीफळ आणि एक प्रश्न मिळतो : घर आणि करिअर ही तारेवरची कसरत कशी सांभाळता? तारेवरच्या डोंबारणीला निदान खाली ढोल वाजवणारं कुणीतरी असतं. पण या प्रतिमेत माझी खरी अडचण वेगळीच आहे. तारेवर चालणारा मधे थांबून खाली उतरत नाही. आमच्या कामाचं सगळं मर्म मात्र मधेच उतरता येण्यात आहे.

हे मला आधी कळलेलं नव्हतं. ज्युडिथ ब्राउन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७० साली एक छोटंसं टिपण लिहिलं. जगभरच्या समाजांत कामांची वाटणी बाई-पुरुषांत अशीच का झाली, असा त्यांचा प्रश्न. ताकद, बुद्धी, स्वभाव वगैरे बाजूला ठेवून त्यांनी साधी गोष्ट पाहिली : लहान मूल सांभाळत असताना कोणतं काम करता येतं? ज्यात डोकं पूर्ण गुंतत नाही, जे मधेच सोडून पुन्हा उचलता येतं, ज्यात मुलाला इजा होणार नाही आणि ज्यासाठी घरापासून लांब जावं लागत नाही. एलिझाबेथ वेलंड बार्बर यांनी १९९४च्या आपल्या पुस्तकात याच धाग्यावरून वीस हजार वर्षांची वस्त्रकथा सांगितली. कातणं, विणणं, शिवणं बायकांकडे राहिलं ते बोटं नाजूक म्हणून नव्हे. मूल रडलं की ते खाली ठेवता येतं म्हणून.

हे वाचलं तेव्हा मी आधी हसले आणि मग मला ते दुपटं आठवलं.

गोधडी कशी घालतात ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. अंगण सारवून वाळलं की खालचा थर अंथरायचा, चारी कोपऱ्यांवर दगड नाहीतर पाटे ठेवायचे. त्यावर जुनेरं, धोतरं, फाटक्या चादरी, आणि शेवटी वरचं लुगडं. सुरकुती राहता कामा नये. राहिली तर ती कायमची. मग मोठमोठे कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे. खरे टाके कडेनं सुरू होतात आणि चौकोनात फिरत फिरत मधे येतात. एक गुडघा कापडावर दाबून, डावा हात खालून, उजवा वरून. सुई तीन-चार टाके एकदम भरून घेते आणि मग दोरा ओढला जातो. त्या ओढण्याचा एक आवाज असतो, कोरड्या पानावरून काहीतरी सरकल्यासारखा. गोधडी निम्मी झाली की ती गुंडाळून खांबाला टेकवून ठेवतात, सुई तिच्यातच खोचलेली. चार दिवसांनी, चार आठवड्यांनी जी बसेल ती तिथूनच पुढे जाते. मध्यंतरी काय घडलं त्याची विचारपूस गोधडी करत नाही.

आता याच्या शेजारी खामगाव ठेवून बघा. खामगाव म्हणजे आमची चांदीची पेठ. देवाच्या मूर्तींपासून देव्हाऱ्यापर्यंत आणि पैंजणांपासून ताटांपर्यंत इथून माल लांबलांब जातो. मी तिथल्या एका जुन्या कारागिराकडे दोन दिवस बसले होते. मुशीत चांदी वितळत होती. पिवळट झाक आली की ती ओतायची, त्याच्या आत नाही, नंतरही नाही. डाग द्यायचा म्हणजे दोन तुकडे झाळून जोडायचे, तर सवागी लावून ज्योत अशी धरायची की झाळ वाहील, पण दागिना वितळणार नाही. तो क्षण श्वास घेण्याएवढा. त्या वेळी मागून कुणी ‘पाणी द्या’ म्हटलं तर त्या माणसाला ऐकूच येत नव्हतं, आणि कुणाला त्याचा राग येत नव्हता.

मी त्यांना तोच प्रश्न विचारला, शाल-श्रीफळवाला. काका, काम आणि घर कसं सांभाळता? ते गोंधळले. मग त्यांनी बोट वर केलं. ‘‘घर ना? घर वर आहे.’’

माडीवर गेले. काकू पैंजणांना घुंगरू ओवत होत्या. एका डोळ्यानं गॅसवरचं दूध बघत, एका पायानं नातवाचा पाळणा हलवत. खाली चांदी तोलून द्यायची, वर काम व्हायचं, तोलून परत घ्यायची. घट किती आली त्याची नोंद असते. वेळ किती लागला याची नोंद करायची पद्धत त्या व्यवसायात वर्षानुवर्षं नाही, कारण काकूंचा वेळ सलग असतोच कुठे? एकाच घरात, एकाच धातूवर, दोन मजल्यांवर दोन प्रकारची घड्याळं चालतात. खालच्या घड्याळाला लोक कारागिरी म्हणतात आणि वरच्याला हातभार.

सरकारनं हे वरचं घड्याळ मोजायचा प्रयत्न केला आहे. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये देशभर पहिल्यांदा वेळेच्या वापराची पाहणी केली, मग २०२४ मध्ये पुन्हा. ज्या बायका घरकाम करतात त्यांची रोजची सरासरी २०१९ मध्ये २९९ मिनिटं होती, २०२४ मध्ये २८९. पाच वर्षांत दहा मिनिटं वाचली. पुरुषांपैकी जे घरकामाला हात लावतात तेवढेच धरले तरी त्यांची ९७ मिनिटांवरून ८८ वर आली. म्हणजे त्यांचीही नऊ मिनिटं वाचली! ती एकूण एकोणीस मिनिटं कुकरनं खाल्ली की मोबाइलनं, देव जाणे. पण माझ्या कामाच्या दृष्टीनं त्यातली मेख आकड्यात नाही. साडेचार-पाच तास सलग नसतात, ते दिवसभर पेरलेले असतात. नळाला पाणी येण्याआधी, दूध तापल्यावर, शाळेची बस गेल्यावर, म्हातारीला गोळी दिल्यावर. मधल्या फटींत जे बसेल ते काम. गोधडी त्या फटींच्या मापानंच बेतलेली आहे.

घोळ सुरू होतो तो तिचं करिअर झालं की. कारण ऑर्डरला तारीख असते, आणि तारीख खाली ठेवता येत नाही.

माझ्या धंद्याचं तिसरं वर्ष. मुंबईच्या एका दुकानानं साठ दुपट्यांची ऑर्डर दिली, १ डिसेंबरला दुकानात हवीत. माझ्या आनंदाला पारावार नव्हता. मी वहीत हिशेब मांडला : चौदा जणी, सत्तर दिवस, एकीला चार-पाच दुपटी, हसत होईल. वहीत सोयाबीन नव्हतं.

आमच्याकडे दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी सुरू होते. पाऊस उघडला की सगळं शिवार एकदम विळे घेऊन उठतं, कारण शेंगा वाळल्यावर दोन दिवस उशीर झाला तर त्या तडकून दाणे वावरात पडतात. ती आटोपते न आटोपते तोच घाटाखाली सीतादहीची पूजा होऊन कापसाची पहिली वेचणी सुरू. वेचणी किलोवर असते. संध्याकाळी जेवढं तोलेल तेवढे पैसे रोख, आणि घाटावरच्या बायका टेम्पोत बसून खाली वेचायला जातात. माझ्या दुपट्याचे पैसे मला दुकानाकडून आले की मिळणार. कोणती शहाणी बाई वेचणी सोडून दुपटं शिवेल? शहरात रजई विकली जाते ती नेमकी दिवाळी ते संक्रांत. गावात गोधडी शिवली जाते ती चैत्र-वैशाखात, शेतं रिकामी, अंगण कोरडं, पोरांना सुट्टी, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी, हाताशी हात. ज्या महिन्यांत बाजाराला गोधडी हवी असते त्या महिन्यांत गोधडी करणारी बाई दुसऱ्याच्या वावरात वाकलेली असते. ही गोष्ट मला कुठल्याही कॉलेजात कुणी शिकवली नव्हती, आणि चिखलीची असूनही मला ती ठाऊक नव्हती. आमच्या घरी शेती बटईनं होती.

त्यात नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. धाकटा दीड वर्षाचा, थोरली दुसरीत, ह्यांची शिक्षकाची नोकरी आणि वर निवडणुकीची ड्यूटी. रात्री अकरा वाजता दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मी बायकांना फोन करायचे. आवाज गोड ठेवून, पण फोन रात्री अकराचा. ‘‘काकू, तेवढी दोन राहिलीत ना?’’ पलीकडून मुलाच्या खोकल्याचा आवाज यायचा. ‘‘करते ना ताई, आज बसते.’’ ती बसायची. म्हणजे दिवसभर वेचून आल्यावर, भाकरी थापून झाल्यावर, चाळीसच्या बल्बखाली.

एकेचाळीस दुपटी झाली. बाकीची दुकानानं उशीर म्हणून घेतली नाहीत. नुकसान सोसून मी सावरले, ते महत्त्वाचं नाही. जानेवारीत आलेली उरलेली दुपटी मी उलटी करून बघत होते. गाठींची तीच खिचडी. चार-चार बोटांवर. मला माझ्या थोरलीची कावीळ आठवली आणि घशात काहीतरी अडकलं. त्या दीड महिन्यात माझं घर मी सांभाळलं होतं हे खरं. सासूबाईंचं पथ्य चुकलं नाही, थोरलीचा डबा चुकला नाही. पण जे माझ्याकडून खाली ठेवलं जात होतं ते कुणीतरी तिकडे उचलत होतं. माझ्या घरचा समतोल चौदा घरांत सांडत होता, आणि मी त्याच महिन्यात एका मासिकाला ‘घरबसल्या रोजगार देणारी उद्योजिका’ म्हणून मुलाखत दिली होती.

‘घरबसल्या’ हा शब्द तेव्हापासून मी वापरत नाही.

नंतर मी बघायला लागले की दुसरीकडे लोक काय करतात. कच्छमध्ये ज्युडी फ्रेटर यांनी २००५ मध्ये कारागिरांसाठी डिझाइनची शाळा काढली, कला रक्षा विद्यालय. वर्षभराचा अभ्यासक्रम, पण सहा तुकड्यांत, एकेक तुकडी दोन आठवड्यांची. मधल्या काळात घरी जायचं, शेत-घर-सण बघायचं आणि शिकलेलं घरच्या कामात उतरवायचं. भरतकाम करणाऱ्या बायकांचे वर्ग वेगळे. वाचायला साधं वाटतं, पण विचार करा : आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे बाईनं वेळ काढून यायचं. तिथं शाळेनं बाईच्या वेळात बसायचं ठरवलं.

अमेरिकेतल्या अलाबामात गीज बेंड नावाच्या नदीच्या वळणावर कापूस पिकवणाऱ्या काळ्या बायकांनी कामाच्या फाटक्या कपड्यांतून अशा गोधड्या घातल्या की २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयानं त्या भिंतीवर लावल्या आणि २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. कापूस वेचणाऱ्या बाईच्या गोधडीची टपाल तिकिटं! खामगावच्या माणसाला ही बातमी वाचून काही वाटायला हवं. १८७० मध्ये लॉर्ड मेयो स्वतः येऊन जलंब-खामगाव रेल्वेचं उद्घाटन करून गेला ते आमचा कापूस मँचेस्टरला लवकर पोचावा म्हणून. तिथून लुगडी परत आली, आणि ती विटल्यावर त्यांच्या गोधड्या झाल्या. त्या कोणत्याही भिंतीवर नाहीत, उंदरांनी खाल्ल्या. पण गीज बेंडच्या आसपासची जी गोष्ट मला खरी उपयोगी पडली ती व्हिटनीची नव्हे. तिथल्या बायकांनी १९६६ मध्ये सहकारी संस्था काढली, फ्रीडम क्विल्टिंग बी. मोठ्या दुकानांची कामं घेतली. दुकानांना शंभर नग एकसारखे हवेत, त्यामुळे ज्या मनमोकळ्या मांडणीसाठी त्या बायका पुढे जगभर गाजल्या ती तिथं बाजूला ठेवावी लागली. मात्र त्याच संस्थेनं मुलांसाठी पाळणाघरही चालवलं. दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली. मला त्यातलं पहिलं आधी सुचलं होतं, दुसरं सुचलंच नव्हतं.

आणि एक पॅरिसची गोष्ट, जी मला फार आवडते. १९११ मध्ये सोनिया डेलोने या चित्रकर्तीला मुलगा झाला. आपल्या मूळ युक्रेनकडच्या शेतकरी बायका करतात तसं तिनं कापडाचे तुकडे जोडून बाळासाठी एक पांघरूण शिवलं. तिला आणि तिच्या चित्रकार नवऱ्याला त्या तुकड्यांच्या रंगांत काहीतरी नवं दिसलं आणि पुढची सगळी अमूर्त चित्रं तिथून निघाली. ते पांघरूण आज पॅरिसच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. दुपट्यातून करिअर निघाल्याचं जगातलं हे बहुधा सगळ्यांत थोर उदाहरण. मी सासूबाईंना त्याचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला. ‘‘काठ नाई लावला बाईनं,’’ म्हणाल्या.

शेजारच्या मेळघाटात, धारणीजवळच्या लवादा गावी, सुनील आणि निरुपमा देशपांडे या जोडप्यानं कोरकू आदिवासींबरोबर बांबूचं काम उभं केलं. त्यांच्या केंद्राच्या बांबूच्या राख्या आमच्याकडेही येतात. सुनीलभाऊ २०२१ मध्ये गेले. नवरा-बायको एकाच कामात असले की घर आणि काम असा भागाकारच उरत नाही, सगळं एकाच पातेल्यात. ते मोठं काम आहे, पण मला तो मार्ग दाखवून उपयोग नव्हता. आमच्याकडे हे शाळेत शिकवतात, आणि सुईत दोरा ओवायला चष्मा शोधतात. त्यांचा हातभार वेगळा : गेली आठ वर्षं सकाळचे दोन्ही डबे त्यांचे. पहिल्या महिन्यात मुलांनी तक्रार केली, दुसऱ्यात सवय झाली. सासूबाईंना मात्र अजून पोळीचा आकार खटकतो.

सरकारी योजनांचंही सांगायला हवं. १७ सप्टेंबर २०२३ ला पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. अठरा पारंपरिक व्यवसाय, प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार, आणि पाच टक्क्यांनी कर्ज, आधी एक लाख, मग दोन. अठरांत सोनार आहे, शिंपी आहे. गोधडीवालीनं शिंपी म्हणून जावं, हरकत नाही. पण एक अट आहे : कुटुंबातून एकालाच लाभ. कुटुंब म्हणजे नवरा, बायको, लग्न न झालेली मुलं. माझ्या चौघीजणींचे नवरे गवंडी आहेत, आणि गवंडीकाम यादीत आहे. मग घरातलं कोण अर्ज करणार हे मला सांगावं लागू नये. माडीवरच्या काकूंचंही तेच. खालचं घड्याळ आधीच नोंदवलेलं असतं.

लोणार आणि मेहकर तालुक्यांतल्या तांड्यांवर मी दोन हिवाळे फिरले. बंजारा बायकांचं भरतकाम, आरसे, कवड्या, नाणी, ते फेटिया-कांचळी-टुकरीचं लालभडक वैभव मला माझ्या कामात हवं होतं, हे कबूल करते. एका तांड्यावरच्या आजीनं पेटीतून आपली लग्नातली कांचळी काढून दाखवली. टाके इतके दाट की खालचं कापड दिसेना. किती दिवस लागले, विचारलं. त्या हसल्या. किती वर्षं, असं विचार म्हणाल्या. लहानपणी गुरांमागं बसून सुरू केली, लग्नापर्यंत चालली. अशी कांचळी मी तारखेनं कशी मागणार? कर्नाटकात संडूरला त्याच लमाण बायकांचं भरतकाम गेली चार दशकं एका केंद्रामार्फत विकलं जातं, त्याला भौगोलिक मानांकन आहे. हंपीत २०२३ च्या जुलैमध्ये त्या कामाच्या १,७५५ वस्तू एकत्र मांडून विक्रमही झाला. आजीच्या सुनेला मी मोबाइलवर ते दाखवलं. ती ऊसतोडीला निघायच्या तयारीत होती. ‘‘यातली एक तरी करायला फुरसत पायजे ना ताई,’’ एवढंच म्हणाली. मी त्या तांड्यावर कामाचा प्रस्ताव ठेवला नाही. तो ठेवायला हवा होता की नव्हता, याचा मी अजून निकाल लावलेला नाही.

माझ्या गावांत मात्र गोष्टी थोड्या बदलल्या. आता ऑक्टोबर ते जानेवारी आमच्याकडे टाके बंद असतात. त्या महिन्यांत मी रंग लावते, कापते, थर जुळवून ठेवते. फेब्रुवारीत थर गावांत जातात, शिवणकाम आखाजीच्या पुढेमागे आटोपतं, माल पावसाळाभर कडुनिंबाचा पाला घालून माझ्या मागच्या खोलीत पडतो आणि दसऱ्याला निघतो. शिलाई मी माल हातात आला की देते, दुकानाचे पैसे येवोत न येवोत. त्यात माझं भांडवल सहा महिने अडकतं. ‘तुमचं गणित चुकीचं आहे’ असं मला एका सल्लागारानं समजावून सांगितलं, आणि त्याचंही गणित चूक नव्हतं. समृद्धी महामार्ग झाल्यापासून मेहकरहून पार्सल मुंबईला झटक्यात पोचतं. तेवढ्यानं गोधडी लवकर होत नाही, पण गिऱ्हाइकाला तसं वाटतं.

राहिला दराचा प्रश्न. आधी मी नगावर पैसे द्यायचे. पण दाट टाक्याची गोधडी आणि विरळ टाक्याची गोधडी नग म्हणून सारख्याच. तासावर द्यावं तर तास मोजणार कोण? मी वह्या दिल्या, बसल्याची वेळ लिहा म्हटलं. पंधरा दिवसांनी वह्या बघितल्या तर एकीनं लिहिलं होतं ‘पाणी यायच्या आधी’, दुसरीनं ‘दूध झाल्यावर’, तिसरीच्या वहीत तिच्या मुलानं पाढे लिहिले होते. शेवटी त्यांच्यातल्याच एका काकूंनी तोडगा काढला. त्या सगळ्यांत जुन्या, बोलायला तिखट. ‘‘ताई, मी कवा बसले अन् कवा उठले ते तू कशाला मोजती? दोरा मोज. दोरा काय खोटं बोलंल?’’ बसल्याशिवाय दोरा संपत नाही, आणि दाट टाक्याला जास्त लागतो. तेव्हापासून आमचा दर रिळावर आहे. रिकामी रिळं परत आणायची, मोजायची, हिशेब करायचा.

यंदाचा शेवटचा हिशेब मी वसुबारसेच्या आदल्या दिवशी केला. काकू पार्लेजीच्या मोठ्या पिशवीत रिळं घेऊन आल्या. ओसरीत ओतली, मी दोन-दोनच्या जोड्या लावल्या. एकतीस.

‘‘बत्तीस धर,’’ काकू म्हणाल्या. ‘‘एकाची नातवानं गाडी केली.’’

मी बत्तीस लिहिलं.